रोसिनीने ३७व्या वर्षी ऑपेरा लिहिणं का थांबवलं?

मंद्रसप्तक

जोआकिनो रोसिनीबद्दलचा एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

जन्म २९ फेब्रुवारी १७९२, इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेसारो गावात. वडील तुतारी आणि हॉर्न वाजवायचे, आई नाट्यगृहांत गायची. १८१० मध्ये, वयाच्या १८व्या वर्षी, व्हेनिसमध्ये त्याचा ऑपेरा रंगमंचावर आला. तिथून पुढच्या १९ वर्षांत ३९ ऑपेरा. ३ ऑगस्ट १८२९ ला पॅरिसमध्ये 'विल्यम टेल'चा पहिला प्रयोग झाला आणि त्यानंतर एकही नवा ऑपेरा नाही. माणूस मात्र १३ नोव्हेंबर १८६८ पर्यंत जगला.

याचं नेहमीचं उत्तर असं की तो आळशी होता, खादाड होता, पैसे जमले आणि सुखाने बसला. मला हे अजिबात पटत नाही. आळशी माणूस १९ वर्षांत ३९ ऑपेरा लिहीत नाही. त्यात 'विल्यम टेल' ऐकून तर असं वाटतं की याला आत्ता कुठे काहीतरी नवीन सापडलंय. जे ऐकतात, वाचतात, त्यांनी लिहावं.

चिंगी

'विल्यम टेल' म्हणजे ती घोडे दौडणारी धून ना? टिंग टिडिंग टिडिंग टिंग टिंग टिंग? मला इतकी वर्षं वाटत होतं की ती कार्टूनवाल्यांनीच बनवली आहे!

मंद्रसप्तक

तीच, चिंगी. पण ते त्या ओव्हर्चरचं, म्हणजे ऑपेराआधी वाद्यवृंद जे वाजवतो त्याचं, शेवटचं टोक आहे. सुरुवातीला पाच चेलो वाजतात, जवळजवळ कुजबुजल्यासारखे. मग वादळ येतं, ते ओसरल्यावर इंग्लिश हॉर्नवर आल्प्सच्या गुराख्यांची धून, आणि मग तुझे घोडे. सगळं मिळून बारा मिनिटांच्या आसपास. एकदा पहिल्यापासून ऐक.

खमंग

धागा उघडला तो खाण्याच्या आशेनेच! पॅरिसच्या खानावळींत 'तूर्नदो रोसिनी' अजून मिळतं: तळलेल्या पावाच्या चकतीवर गोमांसाचा जाड तुकडा, त्यावर हंसाच्या यकृताचा काप, वर ट्रफल आणि मदेरा वाइनचा रस. म्हातारपणी त्याने पियानोचे तुकडे लिहिले, त्यात एका संचात मुळा, अँकोव्ही मासे, काकडीचं लोणचं आणि लोणी आहेत. दुसऱ्यात सुकी अंजिरं, बदाम, मनुका आणि हेझलनट. लोण्यावर संगीत लिहिणारा माणूस मला जन्मभर आवडेल. खाऊन सुखी होता, म्हणून थांबला. त्यात वाईट काय?

पोटमाळा

खाणं बाजूला ठेवा. हिशेब बघा, उत्तर तिथेच मिळतं.

त्या काळच्या इटलीत संगीतकाराला प्रत्येक प्रयोगामागे मानधन मिळत नसे. ऑपेरा लिहिला की ठरलेली रक्कम एकदाच हातात पडायची. पुढे तो दहा शहरांत गाजला तरी त्याचं लिहिणाऱ्याला काही नाही. म्हणून भराभर लिहावं लागायचं. 'बार्बर ऑफ सेव्हिल' दोन-तीन आठवड्यांत लिहून झाला यात प्रतिभा आहेच, पण गरजही आहे. त्याचं ओव्हर्चरसुद्धा जुनं आहे: आधी १८१३ च्या 'ऑरेलियानो इन पाल्मिरा'ला होतं, मग १८१५ मध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीवरच्या ऑपेराला लावलं, मग 'बार्बर'ला.

नेपल्समध्ये बार्बाया नावाच्या बड्या ठेकेदाराने त्याला बांधून घेतलं, तिथे नाट्यगृहातल्या जुगाराच्या टेबलांतूनही त्याला वाटा मिळायचा. १८२३-२४ चा लंडनचा मुक्काम भरपूर पैसे देऊन गेला. पुढे पॅरिसला बँकवाल्यांशी दोस्ती झाली आणि पैसा नीट गुंतवला गेला. आणि १८२९ मध्ये फ्रेंच सरकारकडून तहहयात वर्षाला ६००० फ्रँकचं वेतन. ज्या कारणासाठी तो धावत होता ते कारण संपलं. याला आळस म्हणू नये, पण फार गूढही करू नये.

मंद्रसप्तक

पोटमाळा, तुमच्याच हिशेबातला पुढचा आकडा घ्या. ते वेतन ज्या कराराचा भाग होतं, त्यात दहा वर्षांत पाच ऑपेरा द्यायचे होते आणि 'टेल' हा त्यातला पहिला. थांबायचं ठरवलेला माणूस असा करार करेल का? 'टेल'नंतर तो बोलोन्याला गेला आणि पॅरिसहून पुढची संहिता कधी येते याची वाट बघत बसला. 'फाउस्ट' करायचा त्याच्या मनात होतं. जुलै १८३० मध्ये पॅरिसला क्रांती झाली, दहावा चार्ल्स पदच्युत झाला आणि नव्या सरकारने करार गुंडाळला. वेतन परत मिळवायला त्याला काही वर्षं कोर्टात भांडावं लागलं.

वैद्यबुवा

सगळ्यांनी इतकं लिहिलं, पण आजाराबद्दल कुणीच बोललं नाही.

रोसिनीला तरुणपणीच परम्याचा संसर्ग झाला होता आणि तो कधी पूर्ण बरा झाला नाही. मूत्रमार्गाचा जुनाट दाह, लघवीला त्रास, स्वतःच नळी घालून घ्यायची. त्या काळात प्रतिजैविकं नव्हती, निर्जंतुक उपकरणं नव्हती. १८४३ मध्ये तो पॅरिसला गेला तो संगीतासाठी नव्हे, सिव्हियाल या मूत्रविकारतज्ज्ञाकडे. जोडीला नैराश्य. १८२७ मध्ये आई गेली, तिच्यावर त्याचा अतोनात जीव होता. १८५० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये राहत असताना झोप नाही, अन्नाची चव नाही, मरणाचे विचार. लोक त्याच्या खाण्याचे किस्से सांगतात तेव्हा मला हे आठवतं. खमंग, राग मानू नका, पण मधल्या कित्येक वर्षांत हा माणूस धड जेवतही नव्हता.

या सगळ्यात ओलिंप पेलिसिये त्याच्याजवळ होती. पहिली बायको इसाबेला कोलब्रान १८४५ मध्ये वारली, त्यानंतरच्या वर्षी त्याने ओलिंपशी लग्न केलं. १८५५ मध्ये तिने त्याला पॅरिसला नेलं आणि तिथे तो खरोखर सावरला. १८५७ च्या एप्रिलमध्ये त्याने तिला सहा छोटी गाणी भेट दिली, आपल्या दीर्घ आणि भयंकर आजारात तिने केलेल्या शुश्रूषेबद्दल कृतज्ञता म्हणून. सहाही गाण्यांचे शब्द एकच, कवी मेतास्तासियोचे: माझ्या कडू नशिबाबद्दल मी मुकाट्याने कुढेन. थांबल्यानंतरच्या वर्षांत कुणी वहीत काही लिहून मागितलं तरी तो हेच शब्द पुन्हा पुन्हा नव्या चालीत बांधून द्यायचा. याला सुखवस्तू माणसाची निवृत्ती कशी म्हणायची?

खमंग

राग कसला, वैद्यबुवा. हे माहीत नव्हतं. मुळ्या-लोण्याचे तुकडे १८५७ नंतरचे, म्हणजे बरं झाल्यावरचे, हे आता वेगळंच वाटतंय. तोंडाला चव परत आल्यावर लिहिलेले!

आलापिनी

मी हिंदुस्थानी गाणं शिकलेय, ऑपेरा फार नंतर ऐकू लागले. त्यामुळे माझं लक्ष आधी गळ्याकडे जातं, आणि माझ्या मते या प्रश्नाचं अर्धं उत्तर गळ्यातच आहे.

रोसिनीचं गाणं तानेवर उभं आहे. आपल्याकडे ताना गायक जागेवर घेतो, तशाच त्याच्या आधीच्या इटलीत गायक स्वतःच्या मनाने घ्यायचे. रोसिनी त्या लिहून देऊ लागला. गोष्ट अशी सांगतात की 'ऑरेलियानो'मध्ये वेल्लुती या कॅस्ट्रातो (आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेल्या) गायकाने चाल इतकी नटवली की रोसिनीला स्वतःची चाल ओळखू येईना, आणि तेव्हापासून त्याने अलंकरण आपल्या हातात घेतलं. अभ्यासक ही गोष्ट जशीच्या तशी मानत नाहीत, पण तो अलंकरण अधिकाधिक लिहून काढू लागला हे खरंच. 'बार्बर'मधली रोझिना 'ऊना वोचे पोको फा' म्हणते तेव्हा ती आधी गोड आहे, आज्ञाधारक आहे असं सांगते आणि मग एका 'मा'वर, म्हणजे 'पण'वर, सगळं उलटवते. पुढच्या ताना त्या 'पण'च्या आहेत. मुलीचा हट्ट, हुशारी, सगळं त्या दाणेदार स्वरांत आहे. आणि ही भूमिका त्याने खालच्या, भरदार आवाजासाठी लिहिली होती. पुढे सोप्रानो (उंच आवाजाच्या) गायिकांनी पट्टी चढवून ती चिमणीसारखी केली, त्यात रोझिनाचा ठामपणा जातो असं माझं स्पष्ट मत आहे.

हा गळा तयार करणारी तालीम कॅस्ट्रातो गायकांच्या परंपरेतून आलेली होती. १८२९ पर्यंत ते रंगमंचावरून जवळपास गेले होते. म्हातारपणी भेटायला येणाऱ्यांना रोसिनी हेच सांगायचा, की ते गायक गेले आणि त्यांच्याबरोबर शिकवण्याची रीतही गेली.

'टेल'मधल्या आर्नोल्डचं उदाहरण पाहा. पहिला आर्नोल्ड म्हणजे टेनर (उंच पुरुषी आवाजाचा गायक) अदोल्फ नूरी. तो वरचे स्वर डोक्यातल्या हलक्या आवाजात घ्यायचा. १८३७ मध्ये दुप्रे हा दुसरा टेनर आला आणि त्याने तोच वरचा 'सी' छातीच्या पूर्ण आवाजात फेकला. पॅरिस वेडं झालं. रोसिनीला मात्र तो गळा कापलेल्या कोंबड्याच्या ओरडण्यासारखा वाटला म्हणे. नूरी पॅरिस सोडून गेला आणि १८३९ मध्ये नेपल्समध्ये त्याने जीव दिला. अवघ्या दोन वर्षांत काय बदललं ते बघा. ज्या गाण्यासाठी रोसिनी लिहीत होता त्या गाण्याचे ऐकणारेच बदलले.

जुना_खेळिया

आलापिनी, फार सुंदर प्रतिसाद.

थोडं अवांतर. १८१३ च्या 'तांक्रेदी'त नायक शूर सरदार, आणि ती भूमिका बाईने करायची असंच रोसिनीने लिहिलंय. आपल्या संगीत नाटकात पुरुषांनी स्त्रीपार्ट केले, बालगंधर्वांचा आवाज ऐकताना तो पुरुष आहे की बाई हा प्रश्नच मनात येत नाही. 'तांक्रेदी' ऐकताना मला तसंच होतं, फक्त उलट बाजूने. त्यातलं 'दि तांती पाल्पिती' व्हेनिसच्या गल्लीबोळांत इतकं गुणगुणलं जायचं की सगळं शहर तेच गातंय असं वाटायचं.

पोटमाळा

आलापिनी, मांडणी आवडली, पण तारखा जुळत नाहीत. दुप्रेचा 'सी' १८३७ चा. रोसिनी थांबला १८२९ ला. मधल्या काळात बेल्लिनीने 'नॉर्मा' लिहिला (१८३१), दोनिझेत्तीने 'लुचिया' लिहिला (१८३५). जुदित्ता पास्ता गात होती, रुबिनी गात होता. चांगले गळे संपले नव्हते. ते दोघे लिहू शकत होते तर रोसिनी का नाही?

आलापिनी

गळे होते, हे मान्य. पण त्यांच्याकडून मागणी काय होत होती? बेल्लिनीची चाल लांब, संथ, शब्दाला धरून चालणारी. नायिका आता तान घेऊन खट्याळपणा करत नाही, ती वेडी होते, मरते. रोसिनीचं संगीत एका अंतरावरून माणसांकडे बघतं, त्याच्या करुण प्रसंगातही सौंदर्याचा तोल सुटत नाही. १८३० नंतरच्या लोकांना तो तोल नको होता.

आणि त्याला हे दिसत नव्हतं असंही नाही. पॅरिसच्या इटालियन थिएटरसाठी बेल्लिनीला 'इ पुरितानी' लिहायला बोलावण्यात रोसिनीचा हात होता. स्वतः बाजूला झाला आणि पुढच्यांना जागा करून दिली.

बोलोन्याकर

मी बोलोन्यात राहतो, म्हणून राहवत नाही. 'निवृत्त' हा शब्दच चुकीचा आहे. १८३९ पासून तो इथल्या संगीतविद्यालयाचा सल्लागार होता, ज्या विद्यालयात लहानपणी स्वतः शिकला त्याच. मारिएत्ता अल्बोनी ही त्या शतकातली मोठी कॉन्ट्राल्टो, म्हणजे खालच्या आवाजाची गायिका, तिला आपल्या भूमिका त्याने स्वतः शिकवल्या. म्हणजे जी तालीम नष्ट होतेय असं आलापिनी म्हणतात, ती टिकवायला तो धडपडत होता.

दरवर्षी ऑगस्टमध्ये पेसारोला रोसिनी महोत्सव असतो, १९८० पासून. माझा दर उन्हाळा तिथे जातो. रोसिनी म्हणजे चार विनोदी ऑपेरा ही समजूत तिथे गेल्यावर मोडते. 'एर्मियोने', 'माओमेत्तो', 'ला दोन्ना देल लागो' हे नेपल्सच्या वर्षांतले गंभीर ऑपेरा ऐकले की कळतं, हा माणूस किती पुढचं करून बघत होता. ते ऑपेरा दीडशे वर्षं जवळपास कुणी केले नाहीत, कारण ते गाणारेच नव्हते. आलापिनींच्या मुद्द्याचा सगळ्यात मोठा पुरावा मला हाच वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. १८२५ मध्ये दहाव्या चार्ल्सच्या राज्याभिषेकासाठी त्याने 'इल व्हियाज्जो आ रेम्स' लिहिला. काही प्रयोगांनंतर मागे घेतला आणि बरंचसं संगीत पुढे 'कोंत ओरी'त वापरलं. उरलेलं हरवलं असंच सगळे समजत होते. १९७० च्या दशकात वेगवेगळ्या ग्रंथालयांतून कागद सापडत गेले, अभ्यासकांनी ते जुळवले आणि १९८४ मध्ये पेसारोला क्लाउदिओ आबादोने तो उभा केला. एका प्रसंगात चौदा गायक एकत्र गातात!

चिंगी

चौदा! आणि मी अजून पाच चेलोंवरच आहे. (खरंच ऐकलं, मंद्रसप्तक. चेलोंचा भाग घोड्यांपेक्षा जास्त आवडला.) माझ्यासारखीने पुढे काय ऐकावं?

जुना_खेळिया

'बार्बर'मधलं 'ला कालून्निया'. संगीतशिक्षक डॉन बाझिलिओ सांगतो, माणसाला बदनाम करायचं तर काय करावं. कुजबूज आधी वाऱ्याच्या झुळकेसारखी, मग कानाकानांतून फिरते, फुगते आणि शेवटी तोफ उडते. व्हायोलिनं घोडीजवळ गज घासत अगदी बारीक सुरू होतात, तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी आणखी वाद्यं. याला रोसिनीचा क्रेशेंडो म्हणतात. अफवा कशी वाढते हे त्याने नुसतं सांगितलं नाही, आपल्या कानात वाढवून दाखवलंय.

आणि हाच 'बार्बर' २० फेब्रुवारी १८१६ ला रोममध्ये पहिल्या रात्री सपशेल आपटला होता! त्याच कथेवर पैसिएल्लोचा जुना ऑपेरा होता, त्याचे चाहते ओरडायला बसलेले, वर मंचावर मांजर आलं. दुसऱ्या रात्रीपासून डोक्यावर घेतला.

खमंग

मी मुंबईच्या एनसीपीएला न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराची 'ला चेनेरेंतोला' पडद्यावर पाहिली होती. सिंड्रेलाची गोष्ट, पण परी नाही, काचेचा बूट नाही. परीच्या जागी तत्त्वज्ञ, बुटाच्या जागी बांगडी, आणि सावत्र आईच्या जागी सावत्र बाप. शेवटी ती सगळ्यांना माफ करते ते गाणं ऐकून बाजूच्या आजी उठून उभ्या राहिल्या होत्या. चिंगी, नक्की बघ.

व्हायोलिन_मडगाव

देव बरें करूं. उशिरा आलो, पण रोसिनीच्या चर्चसंगीताबद्दल कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो.

थांबल्यानंतरच्या दोन मोठ्या रचना म्हणजे 'स्ताबात मातेर' आणि 'पेतित मेस सोलानेल'. पहिली १८३१ च्या स्पेनप्रवासातली मागणी. आजारामुळे निम्मीच झाली, उरलेली मित्राकडून पूर्ण करून घेतली. नंतर ते परके भाग काढून टाकून स्वतः नव्याने लिहिले. जानेवारी १८४२ मध्ये पॅरिसला आणि मार्चमध्ये बोलोन्याला प्रयोग झाला, बोलोन्याला वाद्यवृंद सांभाळायला दोनिझेत्ती. लोक म्हणतात हे फार नाटकी आहे, देवळात शोभत नाही. आमच्याकडे लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या) दिवसांत जे लोक इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, वाजवत-गात वाढले त्यांना विचारा. क्रुसाखाली उभ्या असलेल्या आईचं दुःख मोठ्याने गाण्यात खोटं काय आहे?

दुसरी रचना तर अजब. १८६३ ची. बारा गायक, दोन पियानो, एक हार्मोनियम. नावात 'छोटी', पण चालते सव्वा तासाहून जास्त. शेवटी त्याने देवाला चिठ्ठी लिहिली आहे: ही गरीब छोटी मिस्सा (चर्चच्या उपासनेचं संगीत) झाली, मी तर विनोदी ऑपेरासाठी जन्मलो, तुला ठाऊकच आहे, थोडं शास्त्र, थोडं काळीज, एवढंच. नंतर त्याने ती वाद्यवृंदासाठी बसवली, कारण आपण मेल्यावर दुसरं कुणीतरी सॅक्सोफोन घेऊन येईल आणि ती बसवेल अशी भीती. त्या काळी चर्चमध्ये पुरुषांबरोबर बायकांनी गायला बंदी होती, ती उठवावी म्हणून त्याने नवव्या पायस पोपला लिहिलं. पोपने मानलं नाही. आज आमच्या क्वायरमध्ये निम्म्याहून जास्त बायका आहेत, त्यामुळे हे वाचून मला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

आता मूळ प्रश्न. त्याने संगीत थांबवलं नव्हतं, नाट्यगृह थांबवलं होतं. पहिल्या रात्रीची शिट्टी, ठेकेदार, मुदती, रुसणारे गायक, हे सगळं. शेवटच्या दशकात पॅरिसच्या घरी शनिवारी संध्याकाळी मैफली व्हायच्या, लिस्ट, सॅं-सां यांसारखे संगीतकार यायचे. दीडशेच्या आसपास रचना केल्या आणि त्यांना 'म्हातारपणाची पापं' म्हणायचा. जवळपास कुठलीच छापू दिली नाही.

वैद्यबुवा

"संगीत नव्हे, नाट्यगृह थांबवलं." पूर्ण सहमत. पण ते 'पाप' १८५७ नंतरचं. त्याआधीच्या वीसेक वर्षांत 'स्ताबात मातेर' आणि काही गाणी सोडली तर जवळपास शांतता आहे. ती आजाराचीच.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

हे वाचून माझं मत असं झालंय. आपण 'का थांबवलं' विचारतो तेव्हा एका दिवशी बसून घेतलेला निर्णय गृहीत धरतो. तसा दिवसच नव्हता. १८२९ मध्ये तो थकलेला होता, पण पुढच्या संहितेची वाट बघत होता. १८३० मध्ये करार गेला. मग कोर्टकचेरी, मग मायरबेअरचे भव्य ऑपेरा गाजू लागले, मग आजार बळावला. प्रत्येक वर्षी परतण्याचं एक कारण कमी होत गेलं. पोटमाळा म्हणतात तो पैसा कारण म्हणून खरा आहे, पण एवढ्यापुरताच, की त्यामुळे नकोसं काम करायची सक्ती राहिली नाही. गळ्यांचा मुद्दा मला सगळ्यात जड वाटतो.

पोटमाळा

तीन चतुर्थांश मान्य. पण पैशाला "एवढ्यापुरताच" म्हणू नका. दोनिझेत्ती आजारी असूनही लिहीत राहिला, सत्तरच्या आसपास ऑपेरा लिहिले आणि १८४८ मध्ये पन्नाशीत भ्रमिष्ट होऊन गेला. रोसिनीला आजारी पडायची आणि बरं व्हायची सवड मिळाली, ती पैशाने. त्या सवडीतूनच मडगावकरांची मिस्सा आली.

व्हायोलिन_मडगाव

हे मात्र खरं बोललात.

चिंगी

'ला कालून्निया' ऐकलं, तोफेला दचकले! आता एक प्रश्न. 'बार्बर'मध्ये वादळ आहे, 'चेनेरेंतोला'त वादळ आहे, 'टेल'मध्येही वादळ. हा प्रत्येक वेळी पाऊस का पाडतो?

बोलोन्याकर

ती त्या काळच्या रंगमंचाची रीत. गायक आत जातात, वाद्यवृंद एकटा वाजतो आणि तेवढ्यात रात्र सरते किंवा प्रसंग पालटतो. 'बार्बर'च्या वादळानंतर अल्माविवा आणि फिगारो शिडी लावून खिडकीतून आत येतात. 'चेनेरेंतोला'त त्या पावसातच राजपुत्राची गाडी उलटते, म्हणून तो नेमका तिच्या दारात येतो. 'टेल'च्या चौथ्या अंकात मात्र वादळ हेच कथानक आहे: सरोवरात नाव, नावेत कैद झालेला टेल आणि जुलमी सुभेदार, आणि त्या लाटांतून नाव वाचवू शकणारा एकटा टेलच. तिन्ही एकापाठोपाठ ऐक. 'बार्बर'चं आधी.